दाढदुखीचा शुक्रवार

वाशीत राहायला आलो तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं आणि वाशीचंही सगळं अजून व्हायचंच होतं. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. रस्ते हे एवढे रुंद, पण त्यांच्यावर माणूस दिसला तर आम्ही गॅलरीत येऊन बघायचो. 'बाजारासाठी राखीव' अशी पाटी लावलेल्या मैदानात म्हशी चरायच्या, आणि खरं सांगायचं तर त्या जागेचा तेवढा चांगला उपयोग नंतरही कुणी केला नाही. गिरगावातल्या माझ्या माहेरच्यांना मी परदेशी गेल्यासारखी वाटायचे. खाडीवरचा पूल ओलांडला की पलीकडे काय असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मलाही सांगण्यासारखं काही सापडत नव्हतं.

नवरा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात होता. त्याची सुट्टी शुक्रवारी. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत आम्ही दोघं, स्वयंपाकघरात सासूबाई. सासूबाई स्वभावाने चांगल्या होत्या. हे त्या आता नाहीत म्हणून म्हणत नाही, होत्या तेव्हाही म्हणायचे. फक्त त्यांचा कान फार तिखट. मी रात्री कूस बदलली तरी आतून आवाज यायचा, "पाणी हवंय का गं?" नव्या जोडप्याला काय हवं असतं ते सगळ्या जगाला माहीत होतं, सासूबाईंच्या मते मात्र ते पाणी.

आमच्या इमारतीत एक रीत होती. ती कुणी घातली ठाऊक नाही, पण ती मोडायची छाती कुणाची नव्हती. दुसऱ्या दिवशी मुंबईला जाणाऱ्याने आदल्या संध्याकाळी जिन्यात तसं सांगायचं. कारण वाशीत तेव्हा दूध मिळायचं, पाव मिळायचा, आणि त्यापुढे यादी थांबायची. साडीला फॉल, चष्म्याची काडी, अमक्याच वासाचा हिंग, घड्याळाचा पट्टा, या सगळ्यासाठी पूल ओलांडावा लागे. म्हणून जाणाऱ्याच्या पिशवीत सगळ्यांच्या पिशव्या. त्याबदली तो परत येईपर्यंत त्याचं घर इमारतीने सांभाळायचं. पाणी भरून ठेवायचं, दूध तापवायचं, वाळवण आत घ्यायचं, म्हाताऱ्या माणसाला चहा द्यायचा.

ऐकायला फार गोड वाटतं. पण या देवाणघेवाणीत एक मेख होती. कुठे जाणार, कशाला जाणार, कुणाकडे जाणार, जेवणार कुठे, हे सगळं सांगितल्याशिवाय तुमची सुटका नसे. तुमचा बेत हा तुमचा नसायचाच. तो जिन्यात ठेवलेल्या सायकलीसारखा, ज्याला लागेल त्याने वापरावा.

आणि या सगळ्याचा कारभार तळमजल्यावरच्या वहिनींकडे होता. त्या सगळ्यांच्याच वहिनी. माझ्या, माझ्या नवऱ्याच्या, आणि पोस्टमनच्यासुद्धा. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने भरलेल्या, आवाज कमावलेला. त्यांचं दार दिवसभर उघडं आणि दारात त्या, निवडायला काहीतरी घेऊन बसलेल्या. तांदूळ, मेथी, शेजारी, जे हाताला लागेल ते निवडायच्या. इमारतीतल्या प्रत्येकाची कामं त्या घ्यायच्या आणि दोन-चार आठवड्यांनी स्वतः दादरला जाऊन उरकून यायच्या. त्यांच्या परोपकाराचं मला कौतुक होतं. थोडी धडकीही भरायची.

त्या साली पावसाळा संपला आणि माझ्या डोक्यात खूळ शिरलं, की एक दिवस फक्त आम्ही दोघांनी बाहेर जायचं. दादरला दुपारचा सिनेमा, त्याआधी इराण्याकडे खाणं, मग समुद्रावर थोडं बसायचं आणि परत. काही क्रांती नव्हती मागत. पण हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर सासूबाई म्हणणार, मला परळला बहिणीकडे सोडा. वहिनी म्हणणार, सिनेमाचं थिएटर तिथेच ना, मग शेजारच्या गल्लीतून शिवायला टाकलेले ब्लाउज घेऊन या. आणि सगळी इमारत गॅलरीतून हात हलवून आम्हाला सिनेमाला पाठवणार, जसं काही आम्ही दोघं मधुचंद्रालाच निघालोय आणि मागे बँडवाल्यांचीच काय ती कमी.

"तू काही बोलू नकोस, मी बघतो," नवरा म्हणाला.

माझी चूक एवढीच, की मी त्याला बघू दिलं.

गुरुवारी संध्याकाळी तो कामावरून आला. वहिनी दारात वाटाणे सोलत होत्या. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "काय भावजी, उद्या सुट्टी. कुठे दौरा?" माझ्या नवऱ्याला कारखान्यात आग लागली तर काय करायचं ते पाठ होतं, पण सरळ प्रश्नाला खोटं उत्तर द्यायची त्याला सवय नव्हती. तो घाबरला. आणि घाबरून म्हणाला, "हिची दाढ दुखतेय. दादरला दाखवायला नेतोय."

मी तेव्हा वरच्या मजल्यावर, जिन्याच्या कठड्याशी उभी होते. शेंगदाणे खात.

मी शेंगदाणे गिळले आणि गालाला हात लावला. दुसरं काय करणार?

वहिनी वाटाणे टाकून वर आल्या. "अगं, बोलली नाहीस! कधीपासून?"

"दोन दिवस झाले," मी म्हटलं. खोटं बोलायचंच तर थोडं तरी भारदस्त असावं.

"गाल बघा कसा वर आलाय," वहिनी म्हणाल्या.

एवढ्यात आमच्या समोरच्या दारातल्या ताई बाहेर आल्या. या सोलापूरकडच्या. कामाला वाघ, बोलायला साध्या. त्यांनी माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. "व्हय की! चांगलंच सुजलंय. तुमी गप सोसत बसलाव व्हय? आमाला हाक मारायची न्हाई?"

सूज ही काय चीज आहे ते मला त्या दिवशी कळलं. ती असावी लागत नाही. चार बायकांना दिसली की झालं.

अर्ध्या तासात माझ्या तोंडात लवंगेचं तेल होतं, गालाला गरम फडकं होतं आणि जिन्यात सभा होती. संध्याकाळची मासळीची पाटी घेऊन गावातली मावशी आली. ती वाशी गावातली, खाडीकाठची. इमारतीतल्या अर्ध्या घरांना ती मासळी विकायची आणि उरलेल्या अर्ध्या घरांना गप्पा. तिने पाटी खाली ठेवली आणि विचारलं, "काय झाला गो पोरीला?"

"दाढ," सगळ्यांनी एकदम सांगितलं.

मावशीने दोन बोटांनी माझा ओठ वर केला. त्या बोटांना बोंबलांचा वास होता. "किडलीय," ती म्हणाली. "मिठाच्या पान्यानं चूळ भर. आन् कारून टाक ती. ठेवून काय कराचा हाय तुला?"

सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं बघत होत्या. त्यांनी काही माझं तोंड उघडून पाहिलं नाही. नुसत्या म्हणाल्या, "उद्या जा दोघं. माझी काळजी करू नका."

इथवर ठीक होतं. मी मनातल्या मनात म्हटलं, रात्रभर तेल सोसू, उद्या सकाळी बसमध्ये बसलो की सुटलो. पण वहिनींनी हात पुसले आणि जाहीर केलं, "दादरला माझा मावसभाऊच आहे दातांचा डॉक्टर. दुसऱ्या कुणाकडे जायचं नाही. आणि मी येते सोबत."

"अहो वहिनी, कशाला त्रास," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा आता खरंच दाढ दुखत असल्यासारखा झाला होता.

"त्रास कसला? ही बिचारी खुर्चीत बसणार, आणि तुम्ही पुरुषमाणसं रक्त बघितलं की भिंत धरता. मी नको का?"

ताईंनी पुढे होऊन सांगितलं, "मग वैनी, आमचा कुकर घिऊन जावा की. झाकण बसंना झालंय." आणि मग मघाचीच ती रीत सुरू झाली. कुणाचा चष्मा, कुणाचे फॉल, दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या बहिणीसाठी चेंबूरला द्यायची एक बरणी. आमचा गुप्त बेत रात्री जेवणाच्या आत चार पिशव्यांचा झाला होता.

जेवणही मला नव्हतं. ताईंनी मऊ भात आणि मेतकूट आणून दिलं. नवऱ्याने पापलेट खाल्लं. तेही तळलेलं.

शुक्रवारी सकाळी दादरच्या बसमध्ये खिडकीशी मी, शेजारी वहिनी, आणि दोन रांगा मागे माझा नवरा, मांडीवर कुकर घेऊन. वहिनींनी माझ्या डोक्यावरून पदर घेऊन कान झाकले होते, वारं लागू नये म्हणून. पुलावर आलो. भरतीचं पाणी चमकत होतं आणि खूप छान दिसत होतं, पण मला एका डोळ्याने बघायची परवानगी होती.

चेंबूरला स्टॉपवर ती बरणीवाली बहीण उभी होती. वहिनींनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून बरणी दिली, बदल्यात एक पिशवी घेतली, आणि बस सुटता सुटता ओरडून सांगितलं, "हिची दाढ काढायला चाललोय!" सगळी बस माझ्याकडे वळली. एका आजोबांनी मला त्यांचा हातरुमाल देऊ केला. एका बाईने, कुणी विचारलं नसताना, तिच्या दिराची दाढ कशी काढली ते शीवपर्यंत सांगितलं. त्यात वहिनींनी दोनदा भर घातली.

दवाखाना दादरच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होता. डॉक्टर तिशीचे, किडकिडीत, हसरे. वहिनींना बघून ते उभे राहिले, शाळेत गुरुजी आल्यावर उभं राहावं तसे. वहिनींनी त्यांना माझी सगळी हकिगत सांगितली. दुखणं कधी सुरू झालं, सूज कुठे होती, रात्री मी कशी कण्हले. मी कण्हलेच नव्हते. कण्हले असते तर आतून पाणी आलं असतं.

"ताई, तू बाहेर बस," डॉक्टर वहिनींना म्हणाले. त्यांनी मला आत घेतलं, नवऱ्यालाही घेतलं आणि दार लावलं. दिवा माझ्या तोंडावर धरून त्यांनी एकेक दात ठोकून पाहिला. मग आरसा खाली ठेवला.

"कुठली दाढ म्हणालात?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं.

"डॉक्टर, दाढ दुखतच नाहीये," मी म्हटलं. एकदा तोंड उघडंच होतं, तर सगळं सांगून टाकलं. एक खोली, सासूबाईंचं पाणी, दुपारचा सिनेमा, शेंगदाणे, सूज. बोलताना मला रडूही येत होतं आणि हसूही. तोंडात लवंगेच्या तेलाचा वास तर असा होता, की तो दवाखान्यातल्या औषधांनाही हरवत होता.

डॉक्टर हसायला लागले ते खुर्चीचा हात धरून. पण आवाज न करता, कारण दाराबाहेर त्यांची ताई होती. "तुमचे दात घोड्याचे आहेत," ते म्हणाले. "काढायचे ठरवले तर मला मदतीला माणूस बोलवावा लागेल. आणि ताई सोबत आली म्हटल्यावर तुमची अवस्था मला कळते हो. लहानपणी मला साधा ताप आला तरी ती गल्लीभर सांगून यायची. आठ घरचे काढे प्यालोय मी."

मग त्यांनी माझ्या गालात हा एवढा कापूस कोंबला आणि दार उघडलं.

"ताई, आत औषध भरलंय. दोन-तीन तास हिने बोलायचं नाही, उन्हात जायचं नाही. आतल्या खोलीत पडू दे. मिस्टर बसतील जवळ. तू तुझी कामं उरकून ये, संध्याकाळी बसस्टॉपवर भेटा."

मला वाटलं, वहिनी आता ठाण मांडून बसणार. पण त्यांनी घड्याळ पाहिलं, कुकर उचलला आणि चटकन म्हणाल्या, "बरं बरं. पडू दे तिला. मी येते जाऊन." आणि गेल्यासुद्धा. मला थोडा अपमानच वाटला. इतकं मोठं दुखणं, आणि बाई मागे वळूनही बघत नाहीत!

डॉक्टरांनी आम्हाला मागच्या जिन्याने बाहेर काढलं. फी विचारली तर म्हणाले, "सिनेमा कसा आहे ते पुढच्या वेळी सांगा."

कापूस मी पहिल्या कोपऱ्यावर थुंकून दिला. इराण्याकडे जायला वेळ उरला नव्हता. नवऱ्याने थिएटरबाहेर शेंगदाण्याची चिक्की घेतली आणि आम्ही अंधारात जाऊन बसलो. सिनेमा सुरू झालेला होता. त्याने माझा हात धरला. मी सांगते, तेवढी चार मिनिटं, चिक्की आणि तो हात, यासाठी मी आणखी एक वाटी लवंगेचं तेल प्याले असते.

सिनेमात हिरोची आई मरायला टेकली होती. ती खाटेवर, हिरो पायाशी, संगीत थांबलेलं. थिएटरात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. आणि पुढच्या अंधारातून धाडकन आवाज आला, पितळी घंगाळ जिन्यावरून सोडावं तसा. तो गोल गोल फिरत लांबवर गेला आणि भिंतीला लागून थांबला. पाठोपाठ एक आवाज.

"मेलं झाकण!"

नवऱ्याने माझा हात सोडला. त्या आवाजाला दुसरा मालक असणं शक्य नव्हतं.

"वहिनी," तो कुजबुजला.

"कुकर," मी कुजबुजले.

पुढे हिरोची आई मेली की वाचली ते आम्हाला कळलं नाही. आम्ही दोघं खुर्चीत इतके खाली घसरलो, की मागच्या माणसाला वाटलं असेल पुढच्या रांगेत कुणी नाहीच. नवरा म्हणाला, मध्यंतराच्या आधी निघून जाऊ. पण मी म्हटलं, उठलो की दिसू. मग त्याने विचार करण्यासाठी एक चिक्की तोंडात टाकली, मीही टाकली, आणि विचार व्हायच्या आत दिवे लागले.

वहिनी दोन रांगा पुढे होत्या. त्या उठल्या, चहावाला कुठे आहे बघायला वळल्या, आणि समोर आम्ही.

त्यांच्या काखेत कुकर, माझ्या दाढेखाली चिक्की.  वहिनींनी विचारलं, "दाढ कशी आहे?"

मी उत्तर द्यायला गेले, पण चिक्कीने वरची आणि खालची दाढ अशी काही सांधली होती की तोंड उघडेना.

"बोलू नकोस," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलंय." आणि नवऱ्याकडे वळून, "भावजी, चिक्की उरली असेल तर इकडे द्या."

उरलेला सिनेमा आम्ही तिघांनी मिळून पाहिला. माझ्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला वहिनी, पायाशी कुकर. शेवटी त्या खूप रडल्या आणि डोळे माझ्या पदराला पुसले.

परतीच्या बसला रांग होती. उभ्या उभ्या वहिनींनी स्वतःहून सांगितलं. माहेरी असताना एक सिनेमा सोडायच्या नाहीत. लग्न झालं, तर नवऱ्याला अंधारात बसवलं की झोप लागते. नुसती झोप नाही, घोरणं. एकदा लोकांनी ओरडून दोघांना बाहेर काढलं, तेव्हापासून त्यांचं जाणं बंद. "मग वाशीला आलो. एकटी बाई सिनेमाला जाते म्हटलं की किती तोंडं! त्यापेक्षा लोकांची कामं घेऊन जाते. कामं होतात, माझंही एक काम होतं."

"म्हणजे तुम्ही लोकांची कामं सिनेमासाठी करता?" नवरा म्हणाला.

वहिनींना याचा खरंच राग आला. "करते ना पण? चष्मा दुरुस्त झाला ना? कुकर झाला ना? मी काय सिनेमा बघत बघत कुकर दुरुस्त करू?"

नवऱ्याने त्यांच्या काखेतला कुकर आपल्या काखेत घेतला. 

पूल ओलांडताना त्यांनी गोष्ट ठरवली. नुसतं औषध भरलं म्हटलं तर एवढा उशीर पटणार नाही. म्हणून दाढ काढली. मूळ वाकडं होतं. डॉक्टरांना घाम फुटला. मी मात्र हूं की चूं केलं नाही. मी म्हटलं, वहिनी, जरा कमी करा. त्या म्हणाल्या, तू बोलू नकोस.

इमारतीपाशी पोचलो तर जिन्यात सगळे उभे. वहिनींनी सांगायला सुरुवात केली आणि मी वर आले. घर झाडलेलं होतं. पिंप भरलेलं होतं. वरच्या मजल्यांवर पाणी करंगळीएवढं यायचं, ते भरायला माणसाला नळाखाली तासभर बसावं लागे. ताईंनी आधी आमचं भरलं होतं आणि मग त्यांच्याकडचं पाणी गेलं होतं. हे मला त्यांनी नाही, सासूबाईंनी सांगितलं. दोरीवरचे कपडे घड्या करून ठेवले होते. दूध तापलेलं. सासूबाईंना दुपारी खालून शिरा आला होता. आणि ओट्यावर झाकून ठेवलेलं एक पातेलं, मावशीने फुकट दिलेल्या कोलंबीचं पातळ सूप. कोलंबी काढून घेतलेली. मला चावायला नको म्हणून.

मी ओट्याशी उभी राहून ते पातळ पाणी प्याले. आता इथे मला भरून आलं वगैरे लिहायला हवं. आलंही असेल. पण मला आठवते ती भूक. सकाळपासून पोटात दोन चिक्क्या होत्या, आणि ती कोलंबी कुणी खाल्ली हा विचार माझ्या मनातून जात नव्हता.

पुढचे कितीतरी दिवस मी पेजेवर होते. काढलेली दाढ भरून यायला वेळ लागतो असं इमारतीने ठरवलं होतं. ताई रोज संध्याकाळी येऊन आमची भांडी घासायच्या. मी म्हणायचे, ताई, तोंड दुखतंय, हात नाही. त्या म्हणायच्या, "असू द्या वो. दाढंची नस थेट हातात उतरती." नवरा कारखान्यातून खिशात वडे आणायचा आणि मी ते न्हाणीघरात कडी लावून खायचे. वहिनी येऊन माझ्या तोंडात डोकावायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "भरतंय हं, छान भरतंय."

त्यानंतर थंडीत एक दिवस ताईंची दाढ दुखायला लागली. खरी. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पाणी भरताना कठड्याला डोकं टेकून उभं राहिलेलं मी त्यांना पाहिलं, तेव्हा कळलं. आणि सूज म्हणजे काय, तेही. एक डोळा झाकला गेला होता. मी त्यांना त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्या दिवशी कुणी पिशवी दिली नाही, कुणी काही आणायला सांगितलं नाही. वहिनी यायला निघाल्या तर ताई म्हणाल्या, "नगं वैनी. ह्यास्नी म्हाईत हाय कसं आसतंय ते." म्हणजे मला.

डॉक्टरांनी मला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. दाढ काढताना ताईंनी माझा हात असा आवळला की बांगडी मनगटात रुतली. परत येताना, तोंडात कापूस असतानाही, त्या कशाबशा म्हणाल्या, "तुमी कसं सोसलासा वो? वैनी म्हनत हुत्या, तुमच्या तोंडातनं आवाज न्हाई."

मी म्हटलं, "बोलू नका. डॉक्टरांनी सांगितलंय."

त्या आठवड्यात त्यांची भांडी मी घासली, पाणी मी भरलं, आणि पेजही मीच केली. ती त्यांना आवडली नाही, हे त्यांनी बरं झाल्यावर स्पष्ट सांगितलं.

माझी दाढ मात्र काही बरी होईना. दर महिना-दीड महिन्याने, नवा सिनेमा लागला की वहिनी गुरुवारी जिन्यात म्हणायच्या, "हिला दाखवायला न्यायला हवं गं, अजून ठणकतेय." कधी आम्ही तिघं जायचो, कधी वहिनी आणि मी दोघीच. पूर्ण इमारतीची कामं घेऊन. मला वाटायचं, काय सफाईने निभावतोय आम्ही! माझ्यासारख्या तरण्या बाईच्या तोंडाची अशी दशा झाल्याबद्दल लोक हळहळायचे आणि मी गालाला हात लावून जिना उतरायचे.

मग पुढच्या थंडीत एका गुरुवारी संध्याकाळी नेहमीची सभा भरली होती. वहिनी, ताई, पाटी घेऊन मावशी, आणखी दोघी-तिघी. सासूबाई दारातून पुढे आल्या आणि कठड्याला धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "उद्या मीही जाते हिच्याबरोबर. माझी दाढ फार ठणकतेय."

सासूबाईंच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. वरची कवळी, खालची कवळी. हे इमारतीत सगळ्यांना माहीत होतं, कारण दुपारी त्या काढून ठेवून गप्पा मारायच्या.

मी वहिनींकडे पाहिलं. वहिनी मेथी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. कुणीच हसलं नाही. मावशी पाटी उचलता उचलता म्हणाली, "मंग काय, दुकनारच. थंडी परलीय." ताई म्हणाल्या, "लवंगंचं तेल लावा, आत्या. आन् उद्या येताना तेवढं माझं फॉल आना."

त्या शुक्रवारी खिडकी सासूबाईंना दिली. पुलावरून त्या खाडी बघत होत्या, पदर वाऱ्यावर, कान उघडे. दादरला दवाखान्याच्या दारावरून आम्ही सरळ पुढे गेलो. सिनेमा त्यांना मुळीच आवडला नाही. नटी हडकुळी आहे, आणि हिरोच्या आईला काही कामधंदा नाही, असं त्यांनी मोठ्याने सांगितलं. मध्यंतरात त्यांनी आइस्क्रीम खाल्लं आणि चमचा चाटून झाल्यावर वहिनींना विचारलं, "पुढच्या खेपेला परळहून माझ्या धाकट्या बहिणीलाही बोलवू का? तिलाही दाखवायचंय."

"त्यांचे तरी दात आहेत का?" वहिनी म्हणाल्या.

"चार आहेत."

"मग बोलवा," वहिनी म्हणाल्या, आणि दिवे गेले.